आमची वाटचाल : ऋतू पाहून आखलेल्या संध्याकाळी

जोडप्यांना डेट आखून देणे हा आमचा व्यवसाय आहे, असे आम्ही सुरुवातीला सांगत असू, तेव्हा ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर फुले, फुगे आणि मेणबत्त्या एवढेच येत असे. आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर तेवढेच येते, आणि त्यावर बऱ्यापैकी चालणाऱ्या संस्थाही शहरात कमी नाहीत. आमचे काम पहिल्यापासून निराळे होते. ठरावीक महिन्यात एखाद्या जागेवरून सूर्य कोणत्या इमारतीआड केव्हा जातो, वारा कोणत्या अंगाने येतो, रस्त्याचा आवाज किती वाजता उतरतो आणि सर आलीच तर आडोसा किती पावलांवर आहे, हे आधी स्वतः जाऊन पाहायचे, नोंदवहीत उतरवायचे आणि त्यानंतरच दोन माणसांना तिथे पाठवायचे, अशी आमची रीत आहे. सजावट सर्वांत शेवटी येते, आणि पुष्कळदा येतच नाही.

आम्ही दोघांनी हे काम सुरू केले. माझ्या भागीदार बाईंकडे प्रकाशाचे आणि हवामानाचे खाते होते, आणि माझ्याकडे जागा, परवानग्या व वाहतुकीचे. पाहणीच्या पिशवीत होकायंत्र, शुष्क व आर्द्र फुग्यांचा तापमापक (एक टोक कोरडे आणि एक ओल्या कापडात, अशा दोन वाचनांवरून हवेतला दमटपणा सांगणारा), मोजपट्टी, घडीचे स्टूल आणि लाल कागद लावलेली विजेरी एवढे सामान असे; पुढे आलेला आवाजमापक सोडला तर आजही तेवढेच असते. मोबाइलमध्ये हे सर्व मिळते असे नवी मुले सांगतात; मिळते हे खरे, पण भिंतीजवळच्या कोपऱ्यात दिवसभर तापलेली फरशी संध्याकाळी किती धग सोडते, हे मोबाइलवर दिसणारे शहराचे तापमान सांगत नाही. शुष्क आणि आर्द्र फुग्यांच्या वाचनांत अंतर मोठे असेल, तर उन्हाळ्यातही उघड्यावर थोडी झुळूक पुरते. ते अंतर कमी झाले की हवेत दमटपणा इतका असतो की घाम वाळत नाही, आणि अशा दिवशी गच्चीवरची बैठक रद्द करून आत सावलीत नेण्याला पर्याय नसतो.

आमच्या बाईंची सर्वांत आवडती मापनपट्टी मात्र त्यांचा हात होता. हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये चार आडवी बोटे मावली, तर सूर्यास्ताला सुमारे तास उरला आहे, असा एक सर्वत्र सांगितला जाणारा ठोकताळा आहे. तो जसाच्या तसा वापरू नका, असे त्या प्रत्येक नव्या सहकाऱ्याला बजावत. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, त्यामुळे तीच चार बोटे अर्ध्या तासाच्या आसपास संपतात. उत्तरेकडे जावे तसा तो तिरका घसरतो आणि वेळ वाढत जातो. त्यानंतरच्या संधिप्रकाशाचेही तेच आहे. सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत समोरच्या माणसाचा चेहरा दिव्यावाचून नीट दिसतो. आमच्या कितीतरी डेटचा खरा गाभा हाच अवधी असतो, आणि तो किती मिनिटांचा मिळणार हे अक्षांश आणि महिना यांवर ठरते, आयोजकाच्या उत्साहावर ठरत नाही.

हिवाळ्याचे वेळापत्रक लावताना नवखे लोक २१ किंवा २२ डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस धरून चालतात. उत्तर गोलार्धात सर्वांत लवकर होणारा सूर्यास्त त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय नंतर येतो. म्हणून वर्षअखेरीच्या गर्दीत संध्याकाळ पुन्हा किंचित लांबू लागलेली असते, आणि ज्यांना पहाट दाखवायची असेल त्यांना जानेवारीच्या सुरुवातीला थोडे जास्त झोपू देता येते. उलट मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या आसपास दिवसाची लांबी सर्वांत वेगाने बदलते. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका हा वेग जाणवतो, आणि पंधरा दिवसांपूर्वीची पाहणी तेव्हा शिळी ठरते.

या सर्व मोजमापांत आवाजाचा रकाना आला तो आमच्या एका ग्राहक जोडप्यामुळे. यजमान छापखान्यात पाळीवर काम करीत, आणि बाईंना डाव्या कानाने ऐकू येत नसे. पहिल्या डेटनंतर आम्ही अभिप्राय विचारला, तेव्हा त्या म्हणाल्या, "जागा छानच होती हो, पण हे काय बोलत होते ते मला अर्धेच कळले. मी आपली हसत होते." त्यानंतर आवाजमापक पिशवीत आला. साधे संभाषण मीटरभर अंतरावरून साधारण ६० डेसिबल असते. भोवतालचा आवाज त्याच्या बरोबरीला आला की माणसे नकळत ओरडू लागतात, आणि ओरडून कोणालाही मनातले बोलता येत नाही. कारंजे, जनित्र अशा एका ठिकाणी असलेल्या आवाजापासून मोकळ्या जागेत दुप्पट दूर गेले की पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते, पण वाहत्या रस्त्यापासून दुप्पट दूर गेले तरी सुमारे ३ डेसिबलच उतरते. म्हणून रस्त्याकडच्या बागेत बाक दहा पावले मागे सरकवण्यापेक्षा मध्ये भिंत येईल असा कोपरा शोधणे उपयोगाचे. पावसाळ्यातले पत्र्याचे शेड आमच्या यादीतून त्यांच्यामुळेच गेले, कारण पत्र्यावर सर कोसळू लागली की दोन्ही कान शाबूत असणाऱ्यांनाही काही ऐकू येत नाही. हे जोडपे दर ऋतूला एकदा येते. यजमानांची पाळी बदलली की आधी फोन करतात आणि मगच महिना ठरवतात. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे "यजमानांना बाईंच्या उजवीकडे बसवणे" हा शेरा पहिल्यापासून आहे.

आता ज्या प्रकरणाविषयी लोक अजूनही विचारतात, त्याकडे वळतो. आमची हिवाळ्यातली पौर्णिमेची गच्ची शहरात नावाजली होती. पौर्णिमेचा चंद्र साधारण सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, आणि उत्तर गोलार्धात हिवाळ्यातला पूर्ण चंद्र आकाशात उंच चढतो; त्यामुळे पश्चिमेला उजेड विझत असताना पूर्वेला चंद्र वर येण्याचा जो मेळ बसतो, तो त्या गच्चीवरून दोन इमारतींच्या फटीत नेमका दिसत असे. ही फट शोधायला आम्ही एक संपूर्ण हिवाळा घालवला होता. आमच्याकडे पाहणीला येणाऱ्या एका सहकाऱ्याने नोकरी सोडली, आणि पुढच्याच हंगामात शहरातल्या एका मोठ्या कार्यक्रम-संस्थेच्या जाहिरातीत तीच गच्ची, तीच फट आणि आमच्या पत्रकातली वाक्येसुद्धा झळकली. जागेच्या मालकांशी आमचा करार तोंडी होता, आणि त्यांनी जास्त भाडे देणाऱ्याला गच्ची दिली. त्या संस्थेने आमच्या निम्म्या दरात संपूर्ण हंगामाचे बुकिंग घेतले. आमच्याकडे ॲडव्हान्स भरलेल्या जोडप्यांना दुसरी गच्ची पसंत पडेना, तेव्हा सर्वांचे पैसे परत करावे लागले. कार्यालय सोडून सामान माझ्या घरच्या खोलीत आले, आणि बाईंनी काही महिने दुसरीकडे नोकरी धरली.

त्यानंतर जे घडले ते पाहून आनंद झाला नाही असे मी म्हणणार नाही. त्या संस्थेने पौर्णिमेची वेळ पुढचे संपूर्ण आठवडाभर तशीच ठेवली. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो ही गोष्ट त्यांच्या पत्रकात नव्हती, कारण ती आमच्या पत्रकातही नव्हती; ती बाईंच्या वहीत होती. तिसऱ्या रात्रीपर्यंत जोडपी अंधाऱ्या फटीकडे तोंड करून थंडीत कुडकुडत बसू लागली, आणि वेळेच्या गाड्यांत बसून चंद्र न पाहताच परत जाऊ लागली. शिवाय एकाच संध्याकाळी इतक्या जोड्यांना बोलावलेले असे की प्रत्येकीला दुसरीचे बोलणे ऐकू जाई. तरीही त्यांचे नाव बुडाले नाही. माणसांनी चंद्राला दोष दिला आणि पुढच्या वर्षी त्याच संस्थेकडे गेली. हा सल अजून गेलेला नाही, आणि तो जावा असा माझा आग्रहही नाही.

त्याच संस्थेने पुढे "थरार डेट" आणल्या आणि त्यांच्या समर्थनासाठी १९७४ सालचा एक प्रसिद्ध प्रयोग जाहिरातीत वापरला. डोनाल्ड डटन आणि आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातील कॅपिलानो या झुलत्या पुलावर तो केला होता. उंच, हलत्या पुलावर मुलाखत घेणाऱ्या तरुणीला नंतर फोन करणाऱ्या पुरुषांचे प्रमाण कमी उंचीच्या भक्कम पुलावरच्या पुरुषांपेक्षा जास्त होते, असे त्यात आढळले. प्रयोग खरा आहे, पण ती माणसे एकमेकांना अनोळखी होती. दहा वर्षे एकत्र राहिलेल्या जोडप्याला उंचावर लटकवून त्याचा पुरावा देणे हे औषधाचे लेबल न वाचता औषध देण्यासारखे आहे. अशा जोडप्यांसाठी त्याच ॲरन यांचे २००० सालचे काम जास्त उपयोगी आहे. त्यात जोडीदारांचे एकेक मनगट आणि घोटा एकत्र बांधून, दोघांच्या मध्ये उशी धरून, त्यांना गादीवरून रांगत जायला सांगितले होते. घटकाभराच्या त्या नव्या, काहीशा हास्यास्पद उद्योगानंतर त्यांना आपले नाते अधिक समाधानाचे वाटले. त्यामुळे पाच वर्षांहून जुन्या जोडीला आम्ही दोघांनाही न येणारे एखादे काम देतो : होकायंत्राच्या आधारे गल्ल्यांतून ठरलेले ठिकाण गाठणे, किंवा एकाच छत्रीखाली चिठ्ठीतल्या खुणा शोधणे. छत्री मुद्दाम लहान देतो.

गच्चीच्या प्रकरणानंतर आम्हाला सावरले ते पहिल्या पावसाने. कोरड्या दिवसांनंतरच्या पहिल्या सरीत मातीचा वास यावा म्हणून लोक बाहेर पडतात, पण काँक्रीटच्या चौकात उभे राहून हिरमुसतात. १९६४ मध्ये इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी या वासाचा उगम कोरड्या काळात माती व खडकांत मुरलेल्या वनस्पतिज तेलात असल्याचे दाखवले. मातीतील जिवाणू बनवतात त्या जिओस्मिन या द्रव्याचाही त्यात वाटा असतो. म्हणजे उघडी, तापलेली, कोरडी जमीन हवी, आणि धो-धो पावसापेक्षा हलकी सर बरी. आम्ही शहरातल्या अशा उघड्या जमिनींची यादी केली आणि इच्छुकांची नावे नोंदवून ठेवली. आभाळ भरून आले की नोंदणीच्या क्रमाने फोन करायचे आणि तासाभरात पोहोचायला सांगायचे, अशी पद्धत बसवली. वीज आणि गडगडाट यांमधल्या सेकंदांना तीनने भागले की वीज किती किलोमीटरवर पडली ते कळते; दहाच्या आत आकडा आला की आमचा माणूस जोडीला इमारतीत नेतो, मग ती कितीही रमलेली असो. त्या संस्थेला हे जमले नाही, कारण त्यांचे बुकिंग तारखेने होते आणि पहिला पाऊस तारखेने येत नाही.

बाई परत आल्या, कार्यालय पुन्हा झाले, आणि पुढची वर्षे बरी गेली. २०२० साली सगळ्यांचेच सगळे बंद पडले; ते नुकसान सर्वांचे सारखे होते, म्हणून त्याची तक्रार मांडत नाही.

या धंद्यात येऊ पाहणारे कधीकधी भेटायला येतात. त्यांना मी विचारल्याशिवायही सांगतो की तोंडी करार करू नका. पाहणीची वही कोणाच्याही हाती एकट्याने देऊ नका. पहिल्या भेटीला दीड तासाहून जास्त वेळ आखू नका, कारण लवकर संपलेली भेट वाढवता येते, पण रेंगाळलेली लपवता येत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये थंडगार पाण्यात हात बुडवण्याच्या प्रयोगातून दाखवले की माणूस अनुभवाची एकूण लांबी फारशी लक्षात ठेवत नाही, त्याच्या स्मरणात तीव्र क्षण आणि शेवट राहतो. तेव्हा सगळी करामत सुरुवातीला उधळून परतीच्या गाडीसाठी जोडीला वाहतुकीत ताटकळत ठेवू नका. उल्कावर्षावाची रात्र आखाल, तर १३-१४ डिसेंबरच्या मिथुन राशीतल्या उल्का ऑगस्टमधल्या ययाती तारकासमूहातल्या उल्कांपेक्षा सोयीच्या असतात, कारण त्या तुलनेने लवकर दिसू लागतात. पण त्या रात्री चंद्र किती आहे ते आधी पाहा. आणि पांढरी विजेरी नेऊ नका. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि एका झोताने ती सारी वाया जातात.

सध्या त्या जुन्या गच्चीच्या पूर्वेला एक नवी इमारत उभी राहते आहे. समोरच्या अडथळ्याची उंची दहा अंश वाढली तरी चंद्र दिसायला पाऊण तासाहून अधिक उशीर होतो, आणि ती फट तर बहुधा बुजेलच. आम्ही येत्या हिवाळ्यासाठी दुसऱ्या तीन गच्च्यांची पाहणी सुरू केली आहे, लेखी करारांसह. ती गच्ची अजूनही त्याच संस्थेकडे आहे, आणि त्यांच्या नव्या पत्रकात पौर्णिमेची वेळ आमच्या जुन्या पत्रकातलीच छापली आहे.