तुम्ही विचारलंत म्हणून: ‘हे पुस्तक तिला आत्ता देऊ का?’

इंग्रजी फँटसी कादंबऱ्यांबद्दल, म्हणजे जादू आणि ड्रॅगनच्या कल्पित जगातल्या गोष्टींबद्दल, पालकांचा प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो. ‘मुलगी बारा वर्षांची आहे. वर्गातल्या सगळ्या वाचताहेत म्हणते. सहाशे पानांचं आहे, वर ड्रॅगन आहे. देऊ का?’ सोबत मुखपृष्ठाचा फोटो.

मुखपृष्ठावरून काहीच कळत नाही, हे आधी सांगायला हवं. ड्रॅगन, मुकुट, तलवारीभोवती वेटाळलेली वेल हे चित्र दहा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकावरही असतं आणि निखळ प्रौढांच्या पुस्तकावरही. मला तीन गोष्टी कळायला हव्यात: मालिकेतला हा कितवा भाग, नायक किंवा नायिका किती वर्षांची, आणि तुमची मुलगी याआधी काय वाचून बसली आहे.

सिनेमाला आपल्याकडे प्रमाणपत्र असतं. २०२४पासून यूएमध्येसुद्धा ७+, १३+ आणि १६+ असे टप्पे आले. पुस्तकाला असं कुणी तपासत नाही. ते कोणत्या वयासाठी हे प्रकाशक ठरवतो आणि ते ठरवताना विक्रीचा विचार असतोच. ब्रिटनमध्ये २००८ साली मुलांच्या पुस्तकांवर वयाचा आकडा छापायचा घाट प्रकाशकांनी घातला, तेव्हा फिलिप पुलमनसारख्या लेखकांनी त्याला जोरदार विरोध केला. त्यामागचं एक कारण मला आजही पटतं. वाचनात मागे असलेलं अकरा वर्षांचं मूल ‘७+’ छापलेलं पुस्तक वर्गात सगळ्यांसमोर उघडणार नाही. आकडा नको हे खरं, पण मग पारख घरातच करावी लागते.

इंग्रजी प्रकाशनव्यवहारात ढोबळ तीन कप्पे आहेत. ‘मिडल ग्रेड’ म्हणजे साधारण ८ ते १२ वर्षांचे वाचक. ‘यंग अडल्ट’, म्हणजे वायए, १२ ते १८. आणि ‘न्यू अडल्ट’, म्हणजे अठराच्या पुढचे. हे तिसरं नाव २००९ साली एका अमेरिकन प्रकाशनसंस्थेने रूढ केलं. खरी अडचण मधल्या कप्प्याची आहे. तिथे सातवीतली मुलगी आणि बारावीतली मुलगी एकाच बाकावर बसवली आहे. ‘वायए आहे म्हणजे चालेल’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

पहिली खूण नायकाचं वय. मुलांना आपल्याहून दोनतीन वर्षांनी मोठ्या नायकाबद्दल वाचायला आवडतं आणि लेखकही हे धरूनच लिहितात. नायक बाराचा असेल तर पुस्तक साधारण नऊ ते अकरासाठी, सोळा-सतराचा असेल तर तेरा-चौदापासून पुढे. नायिका एकोणीस किंवा त्याहून मोठी असेल, तर दुकानात ते कुठल्याही कपाटात असो, थांबा आणि आत बघा. सारा जे. मास यांची ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका याचं ठळक उदाहरण. २०१५मध्ये पहिला भाग वायए म्हणून आला. नायिका १९ची, नायक शेकडो वर्षं जगलेले. उघड शृंगार पहिल्या भागातही आहे आणि दुसऱ्यात तो बराच वाढतो. २०२०मध्ये प्रकाशकांनी नवी मुखपृष्ठं चढवून ती मालिका प्रौढांच्या कपाटात नेली. आतला मजकूर तोच होता. पण जुन्या मुखपृष्ठांच्या प्रती आजही हातोहात फिरतात आणि त्या बघून आईवडिलांना वाटतं, किशोरांचंच आहे. रिबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ (२०२३) तर पहिल्यापासूनच प्रौढांसाठी आहे. नायिका २० वर्षांची. तरी ड्रॅगन आणि कॉलेज या दोन शब्दांवर ती आठवीच्या दप्तरात पोचते.

मग प्रत हातात घ्या आणि चाळीस मिनिटं काढा. अख्खं वाचायची गरज नाही.

आधी मलपृष्ठ. ब्रिटिश आवृत्त्यांवर बारकोडच्या आसपास कधीकधी बारीक अक्षरांत ‘लहान वाचकांसाठी योग्य नाही’ अशा अर्थाची ओळ असते. अमेरिकन पुठ्ठाबांधणीत वेष्टनाच्या आतल्या घडीवर खालच्या कोपऱ्यात वय सापडतं. श्रेयपानावर विषयाचे संकेत छापलेले असतील तर ‘जेयूव्ही’ (JUV) म्हणजे बालवाचक, ‘वायएएफ’ (YAF) म्हणजे किशोर, ‘एफआयसी’ (FIC) म्हणजे प्रौढ. अलीकडच्या पुस्तकांत मजकुरापूर्वी लेखकाची एक छोटी टीपही असते: यात युद्ध, छळ, आत्महत्येचा विचार, लैंगिक प्रसंग आहेत वगैरे. ती नीट वाचा, लेखकानेच तुमचं निम्मं काम केलेलं असतं. फुटपाथवरच्या नकली प्रतींचा एक तोटा इथे लक्षात येतो. तिथे घडी नसते, मलपृष्ठावरची बारीक अक्षरं फिसकटलेली असतात, आणि नेमकी सावधगिरीची ओळ वाचता येत नाही.

नंतर चार ठिकाणी वाचायचं. पहिलं प्रकरण, कारण लेखकाचा सूर तिथे लागतो. मग पुस्तकाच्या साठ ते ऐंशी टक्क्यांमधली दोन प्रकरणं. रोमान्सच्या अंगाने जाणाऱ्या फँटसीत जवळिकीचे प्रसंग बहुधा इथे येतात, कारण तोवर दोघांमधला ताण पुरेसा ताणलेला असतो आणि शेवटची लढाई अजून पुढे असते. मग पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपासचं प्रकरण. सर्वांत क्रूर घटना, सर्वांत जवळचा मृत्यू लेखक इथे ठेवतो. ‘हॅरी पॉटर’च्या चौथ्या भागात शाळेतला एक मुलगा मारला जातो तो ३७पैकी ३२व्या प्रकरणात. आणि शेवटी अखेरचं प्रकरण. पुस्तक वाचकाला कुठे सोडतं ते पाहायचं. शोकात सोडलं तरी चालेल, पण सोबतीला कुणीतरी आहे का? दुसरा भाग हातात नसताना नायिका विश्वासघातानंतर एकटी कोठडीत अशा जागी गोष्ट तुटत असेल, तर अकरा वर्षांचं मूल रात्री झोपत नाही. हा अनुभव अनेक घरांचा आहे.

ई-पुस्तक असेल तर शब्दशोध वापरा, पण त्यावर विसंबू नका. ‘ब्लड’ शोधलंत तर प्रत्येक फँटसीत शंभरदा सापडेल आणि त्यातलं निम्मं वंशाबद्दल असेल.

वाचताना तोलायचं काय, हा खरा प्रश्न आहे. पालक सहसा रक्त मोजतात. मला ते दुय्यम वाटतं. विक्रम-वेताळात स्मशान आहे, खांद्यावर प्रेत आहे, उडवलेली मुंडकी आहेत, आणि आपण ते आठव्या वर्षी मजेत ऐकलेलं असतं. ‘कोणे एके काळी’ म्हटलं की प्रेतही लांबचं होतं. फँटसीतली राक्षसांशी लढाई अशीच लांबची असते. जवळ येते ती वेगळी हिंसा: विश्वासातल्या मोठ्या माणसाने मुलाला केलेली इजा, सावकाश वर्णन केलेला छळ, वेदना देणाऱ्याला मिळणारा आनंद. पुलमन यांच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’मधली नायिका फार तर बारा वर्षांची आहे, पण तिथे मोठी माणसं मुलांना त्यांच्या जिवाच्या जोडीदारापासून, म्हणजे प्राण्याच्या रूपात सोबत असणाऱ्या त्यांच्याच आत्म्यापासून, कापून वेगळं करतात. दोन ओळींत येणारी लढाई आणि अर्धं पान चालणारा हा विच्छेद यांचं वजन एक नाही. नायकाच्या वयाची खूण फसते ती अशा पुस्तकांत.

मग परिणाम. मारलेल्या माणसाबद्दल कुणाला काही वाटतं का? ‘हंगर गेम्स’मध्ये १२ ते १८ वयाची २४ मुलं एकमेकांना मारायला रिंगणात सोडली जातात. कल्पना भयंकर आहे, पण लेखिका प्रत्येक मृत्यूची किंमत मोजायला लावते. तेरा वर्षांच्या मुलांना मी ते पुस्तक निर्धास्तपणे सुचवते. उलट, एकही थेंब न सांडता खून हा विनोद करणारं पुस्तक मला त्याच वयाला नको वाटतं.

प्रेमाच्या बाबतीत दोन शब्द माहीत असू द्या. मुली ‘स्पाइसी’ म्हणतात तेव्हा त्या शृंगाराच्या प्रमाणाबद्दल बोलत असतात, आणि समाजमाध्यमांवर पुस्तकापुढे काढलेल्या मिरच्या त्याचंच माप असतात. दुसरा शब्दप्रयोग दाराचा: दार बंद म्हणजे प्रसंग सुचवून पान उलटलं, दार उघडं म्हणजे सगळं वर्णन. वायएत दार बहुधा बंद किंवा किलकिलं असतं. पण मी प्रसंगापेक्षा नात्याची घडण बघते. पळवून आणणारा, डांबून ठेवणारा, सतत अपमान करणारा पुरुष आणि ‘त्याचं माझ्यावर खरं प्रेम आहे’ म्हणणारी मुलगी ही जोडी या पुस्तकांत वारंवार येते. एक बंद दार सोळाव्या वर्षी काही बिघडवत नाही. असं नातं मात्र तेराव्या वर्षी पहिल्यांदा वाचलं आणि त्यावर कुणाशी बोलता आलं नाही, तर प्रेम असंच असतं हा समज पक्का होऊ शकतो. आत्महत्या किंवा स्वतःला इजा करण्याचं वर्णन असेल तर नियम अजून कडक ठेवा: पद्धतीचा तपशील असेल तर नको, आणि मूल त्या काळात आधीच उदास असेल तर कुठल्याही वयात एकट्याने नको.

शब्दांच्या अवघडपणावर अजिबात जाऊ नका. लेक्साइल नावाचं एक इंग्रजी माप आहे, ते वाक्यांची लांबी आणि शब्द किती वापरातले आहेत यावर चालतं. त्यात ‘हॅरी पॉटर’चा पहिला भाग ८८०वर आणि ‘हंगर गेम्स’ ८१०वर, म्हणजे अधिक सोपं. वाचता येणं आणि सोसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मराठी माध्यमातल्या मुलांचं उलटही होतं. मन चौदाचं, इंग्रजी मात्र अजून अडखळतं. त्यांना शिशुवर्गातल्यासारखं पुस्तक दिलं की ती वाचनच सोडतात. त्यांना आशयाने मोठी आणि वाक्यं आखूड अशी पुस्तकं द्या, किंवा मराठी अनुवाद. ‘हॅरी पॉटर’ मराठीत आहेच.

मालिका ही सगळ्यांत फसवी. हॅरी पहिल्या भागात ११ वर्षांचा होतो, सातव्यात १७चा. ते भाग १९९७ ते २००७ असे दहा वर्षांत आले. पहिले वाचक नायकाबरोबर वाढले. आज सातही भाग कपाटात एकत्र असतात आणि नऊ वर्षांचं मूल मे महिन्याच्या सुट्टीत सरळ पाचव्यापर्यंत जातं. ब्रिटनमध्ये पहिल्या तीन सिनेमांना ‘पीजी’ (मोठ्यांच्या मार्गदर्शनाने बघावा) आणि चौथ्याला ‘१२ए’ (बाराच्या आतल्यांनी मोठ्यांसोबतच बघावा) असं प्रमाणपत्र मिळालं, ते उगीच नव्हे. माझा सल्ला: पहिले तीन भाग नऊ-दहाला, चौथा अकराला, पाचव्यापासून पुढे बाराच्या आसपास. मध्ये थांबायला लावताना ‘तू लहान आहेस’ म्हणू नका. दुसरी मालिका हातात द्या, पर्सी जॅक्सनसारखी, म्हणजे थांबणं शिक्षा वाटत नाही.

आणि तुम्हाला इंग्रजी झरझर वाचता येत नसेल तर? मुलीला गोष्ट सांगायला बसवा, मराठीत. जिथे ती घाईने पुढे जाते किंवा ‘मग असंच काहीतरी होतं’ म्हणते, ती जागा पुस्तकात शोधा. तेवढी दोन पानं कुणाकडून तरी वाचून घ्या.

राहिला शेवटचा प्रश्न, तोही नेहमीचा: ‘तिने आधीच वाचून टाकलंय, आता काय?’ पुस्तक काढून घेऊ नका. काढून घेतलेलं पुस्तक पीडीएफ होऊन फोनवर येतं आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही. दोनतीन दिवस जाऊ द्या. मग भाजी निवडताना किंवा स्कूटरवर, म्हणजे एकमेकांकडे थेट बघावं लागत नाही अशा वेळी, एवढंच विचारा: ‘तुझ्या मैत्रिणीशी कुणी त्या राजकुमारासारखं वागलं, तर तू तिला काय सांगशील?’ आणि ती बोलायला लागली की तिला मध्येच तोडू नका.