व्हायवा खरा घ्या, बाकीचं नंतर बघू

इंजिनिअरिंगची पोरं चॅटजीपीटीवरून कोड उचलतात म्हणून बोंब मारणाऱ्यांना मला एकच विचारायचंय, नोव्हेंबर २०२२ आधी पोरं कोड स्वतः लिहीत होती का? सीनियरची फाईल यायची, नाव बदलायचं, प्रिंटआउट मारायची आणि सबमिशनच्या आदल्या रात्री अख्खं हॉस्टेल राईटअप उतरवत बसायचं. एआयमुळे फक्त सीनियरला चहा पाजायचा खर्च वाचला.

त्यामुळे सिलॅबसमध्ये एआयचं एक इलेक्टिव्ह घुसवून काही होणार नाही. ज्याला खरंच काहीतरी बनवून चालवायचंय त्याला दुसऱ्याने (म्हणजे आता मशीनने) लिहिलेला कोड वाचता यायला हवा, तो कुठे फुटेल हे आधी कळायला हवं आणि फुटलाच तर चूक शोधता यायला हवी.

फायनल इयरला अजून लायब्ररी मॅनेजमेंट नाहीतर चेहरा ओळखून अटेंडन्स, तेच चाललंय. त्यापेक्षा सेकंड इयरलाच चार पोरांना एक खराखुरा बचत गट द्या, त्यांची वही अ‍ॅपवर आणा म्हणावं आणि वर्षभर चालवून दाखवा. लॉगिन, डेटाबेस, स्क्रीन सगळं एआय एका दुपारात काढून देईल, देऊ दे की! मग एखादी ताई विचारणार, मी या महिन्यात हप्ता अर्धाच भरला तर व्याज कशावर लावणार? हे प्रॉम्प्टमध्ये नव्हतंच, कारण पोरांनाच माहीत नव्हतं. मग नावाच्या रकान्यात फक्त ए टू झेड चालतंय हे सापडणार, ते बदलून युनिकोडची (जगातल्या सगळ्या लिप्यांना नंबर देणारी पद्धत) 'अक्षरं' चालतील असा नियम टाकला तरी 'सविता' अडणारच, कारण वेलांटी आणि काना युनिकोडच्या हिशोबात अक्षर नाहीतच, त्यांचा वर्ग वेगळा. 'ज्ञानेश्वरी' आपल्याला चार अक्षरं दिसते, पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) काना-मात्रा सुटे धरून ११ मोजतो आणि यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, ती ३३ बाइट खाते, म्हणजे रकाना २० बाइटचा असेल तर बाईंचं नाव अर्ध्यात तुटलं. आणि पैसे फ्लोटमध्ये (दशांश आकडे अंदाजे साठवणारा प्रकार) ठेवले असतील तर ०.१ अधिक ०.२ बरोब्बर ०.३ येत नाही हे कळायला याहून चांगली जागा नाही, कारण इथे हिशोब चुकला की समोरचं माणूस भांडायला येतं.

फर्स्ट इयरला मात्र लूप, अ‍ॅरे, पॉइंटर हा कोडिंगचा पाया हातानेच, त्यात सूट नको. हार्वर्डच्या सीएस५० या प्रोग्रॅमिंगच्या कोर्सने २०२३ मध्ये आयतं उत्तर न देता इशारे देणारा एआय 'बदक' आणला, तेवढी मदत ठीक आहे.

आणि मार्कांचं काय? आपल्याकडे ओरल, म्हणजे व्हायवा, आहेच की! फक्त ती 'पॉलिमॉर्फिझम म्हणजे काय' विचारून पाच मिनिटांत उरकतात. त्याऐवजी पोराचाच प्रोजेक्ट त्याच्यासमोर उघडा, एखादी ओळ उडवा आणि म्हणा शोध. किंवा, बाळा, उद्यापासून व्याज महिन्याऐवजी दिवसावर मोजायचंय, कुठे कुठे हात लावशील? एआय वापरायचा तर वापर, पण त्याने दिलेलं का घेतलं ते सांग. ज्याने प्रोजेक्ट विकत आणलाय तो दुसऱ्याच प्रश्नाला गळपटतो.

वेळ कुठून आणायचा म्हणाल तर २० पोरांची बॅच, प्रत्येकी २० मिनिटं, म्हणजे जवळपास पावणेसात तास. एका दिवसात आरामात बसतं, बाहेरून आलेल्या परीक्षकाला (एक्स्टर्नलला) चारची गाडी पकडायची नसेल तर.