जुनाच माल

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा. लाइट आत्ता आली. दुपारपासून तिसऱ्यांदा गेली होती, त्यामुळे रेंडरिंग पुन्हा पहिल्यापासून लावलंय आणि ते होईस्तोवर ही वही.

सखाराम महाराजांची यात्रा उठून महिना झाला, बोरीचं पात्र पुन्हा मोकळं पडलंय, लग्नतिथीही संपत आल्या. म्हणजे अमळनेरात आमच्या लग्नाच्या व्हिडिओच्या धंद्याला आता चार महिने उसंत. अशात पारोळ्याकडचं एक काम आलंय. मुलगी पुण्यात नोकरीला. फोनवर म्हणाली, "काका, आईबाबांच्या लग्नाला 25 वर्षं होताहेत. जुन्या कॅसेटमधून वीसेक मिनिटांचं काहीतरी करून द्या ना." मी हो म्हटलं आणि रेट अर्धा सांगितला. शूटिंग नाही, लाइटमन नाही, गाडीचं पेट्रोल नाही. जुनाच माल, नुसता जोडायचा.

'जुनाच माल' हा शब्द पोराचा. परवा जेवताना तो मोबाइलवर सिम्पसन्स बघत होता. पिवळ्या तोंडाच्या माणसांचं ते अमेरिकन कार्टून, 1989 च्या डिसेंबरपासून चालूच आहे. म्हणजे मी दहावीही झालो नव्हतो तेव्हापासून. मध्येच म्हणाला, "पप्पा, आज नुसता जुनाच माल लावलाय यांनी." माझे कान टवकारले. पोरगं इंग्रजी समजावत होतं आणि मी जोड शोधत होतो. धंद्याची खोड, दुसरं काय.

1 एप्रिल 1993 चा भाग. एप्रिल फूल म्हणून बार्ट हा पोरगा बापाचा, होमरचा, बिअरचा डबा रंग घुसळायच्या यंत्रात लावून आणतो. होमरनं डबा उघडताच स्फोट, तो दवाखान्यात. तिथं फुकटात चॉकलेट मिळावं म्हणून चॉकलेट विकायचं मशीन हलवायला जातो, तर ते अख्खं मशीन अंगावर पडतं आणि गडी कोमात. मग घरचे खाटेभोवती बसून "आठवतंय का, तेव्हा..." करतात आणि मागच्या भागांतले तुकडे सुरू. शेवटी बार्ट गुन्हा कबूल करतो आणि कोमातला बाप उठून पहिलं काम काय करतो, तर पोराचा गळा धरतो. त्यालाही अजून एप्रिल फूलच वाटत असतं, पण तोवर मे महिना उजाडलाय.

हसलो. पण माझ्या ध्यानात राहिली ती खाट. सगळे तुकडे त्या एका खाटेला बांधलेत. आम्ही हायलाइट करतो तेव्हा खाट कुठली? गुलाबाच्या पाकळ्या उडवायच्या, बदामात फोटो फिरवायचा, झालं.

नंतर त्याबद्दल वाचत बसलो. हे असले भाग हौसेनं होत नव्हते. पहिला केला तो कामानं पिचलेल्या लोकांना जरा श्वास मिळावा म्हणून. पुढं चॅनेलचं गणित आलं. फॉक्सवाल्यांना कळलं की असा भाग अर्ध्या खर्चात होतो आणि पुढं पुनःप्रक्षेपणाला विकताना पैसे पूर्ण मिळतात. एका सीझनमध्ये असे बरेच करा, असं म्हणणं होतं त्यांचं. करणाऱ्यांनाच ते पटेना, बघणारे विटतील म्हणून. माझा अर्धा रेट आठवून जरा ओशाळलो. निदान मी गिऱ्हाइकाकडूनही अर्धेच घेतोय.

लेखक जॉन विट्टी. 1994 मध्ये दुसरा असा भाग लिहायची पाळी आली तेव्हा या पठ्ठ्यानं स्वतःचं नावच घातलं नाही. श्रेयनामावलीत 'पेनी वाइज' असं खोटं नाव. पुढच्या वर्षी अशाच 138 व्या भागात दिग्दर्शक डेव्हिड सिल्व्हरमन यांनीही नाव बदललं, 'पाउंड फूलिश'. दोन्ही मिळून इंग्रजीतली म्हण होते: पैशापैशाला जपायचं आणि रुपया घालवायचा. चॅनेलला त्यांच्याच पडद्यावर चिमटा! आमच्याकडे टायटलला स्टुडिओ मालकाचं नाव सोनेरी अक्षरांत फिरतं. मिक्सिंगवाल्याचं कुणी घालत नाही, त्यामुळे लपवायचा प्रश्नच नाही.

तो 138 वा भाग मात्र पोराला म्हटलं, पुन्हा लाव. त्यात नुसता दाखवलेला माल नाही. कापून टाकलेले प्रसंग आहेत, मालिकेच्याही आधीची, 1987 पासूनची छोटी कार्टूनं आहेत, मिस्टर बर्न्सवर गोळी कुणी झाडली त्याचे वेगळे शेवट आहेत. म्हणजे कपाटाच्या तळाशी हात घातलाय. मी बघता बघता थांबलो, कारण पारोळ्याच्या पिशवीत चार कॅसेट होत्या आणि मी त्यातली एकच लावली होती, मिक्सिंग झालेली, म्हणजे कापून-जोडून वर संगीत चढवलेली.

सहसा रॉ, म्हणजे न कापलेली मूळ कॅसेट उरतच नाही. तीन तासांच्या कॅसेटला तेव्हा पैसे पडायचे. मिक्सिंग झालं की तिच्यावर पुढचं लग्न. मी स्वतः शेकडो लग्नं अशी एकावर एक पुसलीत. इथं नवरीच्या काकानं भांडून सगळ्या घरी नेल्या होत्या. दोन बुरशीनं गेलेल्या. तिसरी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत, हातानं रीळ फिरवत, आज संध्याकाळी चालू झाली.

मुलीनं एक गोष्ट बजावून सांगितली होती. आईचे वडील, नाना, लग्नानंतर वर्षभरातच गेले. त्यांचं जे काही असेल ते घ्या. मिक्सिंगमध्ये नाना चार सेकंद. पंगतीत वाढताना, बाजूनं, वर सनईचा ट्रॅक. त्याच पंगतीत कुणीतरी बट्टी कुस्करून वरणात कालवतोय, तो मात्र अर्धा मिनिट. आठवडाभर त्या कॅमेरावाल्याला शिव्या घातल्या मी. काय दिसलं रे तुला त्या बट्टीत?

रॉमध्ये नानांचा तोच शॉट अकरा सेकंदांचा निघाला. आणि त्याला आवाज आहे. हॅलोजनचा झोत तोंडावर पडताच नाना डोळे बारीक करतात, हातातली तुपाची वाटी कॅमेऱ्याकडे हलवतात आणि म्हणतात, "मन्हा काय काढस रे भो, पोरना काढ!" कॅमेरा मुकाट्यानं वळतो. मांडवाच्या टोकाला नवरी कुणाला तरी काहीतरी सांगत हसतेय. हे हसूही मिक्सिंगमध्ये नव्हतं. तिथं ती सगळीकडे खाली बघूनच बसलीय, तेव्हा नवरीनं तसंच बसायचं असायचं.

तीनदा बघितलं. मग उठून पाणी प्यायलो.

गुलाबाच्या पाकळ्या काढून टाकल्या. सनई काढली. आता फिल्म त्या तुपाच्या वाटीपासून सुरू होते आणि पंगत संपेपर्यंत मांडवाबाहेर जातच नाही. हळद, वरात, सगळं मध्येमध्ये येऊन पुन्हा पंगतीत. पोरगं म्हणालं, पप्पा, ही तुमची खाट का? मी म्हटलं, झोप आता, उद्या क्लास आहे.

तो तुकडा मुलीला पाठवला. तासाभरानं फोन आला. बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "काका, मागं कुत्रं भुंकतंय, तेवढं काढता येईल का?"

येईल म्हटलं. अजून काढलं नाही.