वापर काय?

मंगळवार, रात्री

रोडबाइक, एमटीबी म्हणजे डोंगरी सायकल, आणि घडीची, सगळ्या विकून एकच सायकल ठेवायची ठरलंय, म्हणून दुकानात गेले. “ताई, वापर काय होणारे?” दुकानातल्या पोरानं विचारलं, कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारतात तसं. म्हटलं, सगळाच. त्यानं एक करडी सायकल पुढे ओढली. “मग ही घ्या. हिला सगळं चालतं.”

एवढंच. यात लागण्यासारखं काय होतं?

सायकल चांगली आहे. क्रोमोलीची, म्हणजे मजबूत पोलादाची फ्रेम, ४० मिमीचे टायर, डिस्क ब्रेक, कॅरिअर-मडगार्ड लावायची सोय. पुढे ३८ दात्यांची एकच चकती, मागे सगळ्यात मोठी ४२ची. म्हणजे पायडलच्या पूर्ण फेऱ्याला चाकाचा फेरा पुरतासुद्धा होत नाही. सिंहगडाच्या चढाला गुडघे दुवा देतील. रोडबाइकवर पुढे ३४, मागे २८ हा शेवटचा आसरा, चाक सव्वा फेरा. त्यापुढे फक्त मांड्या आणि देवाचं नाव. डोक्याला सगळं पटतंय.

पण ‘हिला सगळं चालतं’ हे आमच्या घरात माझ्याबद्दल म्हणतात. शिळी पोळी चालते, मधली सीट चालते, आईकडे आयत्या वेळी जायला तर चालतंच. तेच लागलं असेल का? की नुसती पाठ दुखतेय म्हणून?

रोडबाइकला बघा. २५चे टायर, त्यात १०० पीएसआयच्या आसपास हवा, ती दर वेळी तपासून घ्यायची, खडी दिसली की बाईंच्या कपाळाला आठ्या. पण तिच्यावरच २०० आणि ३०० किलोमीटरच्या बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइड झाल्या, साडेतेरा आणि वीस तासांच्या आत. ६००ला चाळीस तास देतात. ते असो. एमटीबी डांबरावर सारखी कुरकुरते. घडीची बाई पिशवीत बसून ट्रेननंच जाणार. एकेकीचे नखरे, आणि ते मी हौसेनं पुरवले. आता नखरेवाल्या सगळ्या विकायच्या आणि ठेवायची कोण, तर जिला चालतं ती. मला कोणी असं निवडून ठेवलं असतं तर आनंद झाला असता का, कोण जाणे.

बाबांच्या ॲटलासचा तर वेगळाच तोरा. तिची २८ इंची चाकं ६३५ मिमीची, रोडबाइकची ६२२ची. एकीचा टायर दुसरीला बसत नाही. साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जूनला, जागतिक सायकल दिनी. त्या दिवशी बाबा... नको.

जेवताना मंदारला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मग नखरेवाली ठेव. भाजीची पिशवी तिच्या कुठे अडकवणार आहेस तेवढं सांग.” हसू आलं, रागही आला. पण मग आठवलं, करडीवर चक्कर मारली तेव्हा सपाटीला मनासारखा गिअर सापडतच नव्हता. एकात पाय नुसते भिरभिरतात, पुढच्यात जड जातं. पुढे एकच चकती आणि मागे एवढा पल्ला म्हटल्यावर दोन गिअरांत अंतर पडणारच. म्हणजे तिलाही सगळं चालत नाही. बोलून दाखवत नाही, एवढंच. तेव्हापासून ती जरा आवडायला लागली आहे.

आत्ता कागदावर हिशेब मांडलाय. त्याच मापाच्या हबची (चाकाच्या मधल्या तुंब्याची) दुसरी चाकं घ्यायची, त्यांवर ३२चे टायर. ती बीआरएमला, ४०ची रोजच्याला. ब्रेक फारसा हलवावा लागणार नाही. एकच सायकल ठेवायची असं ठरलंय. ॲटलास बाबांची, ती यात धरत नाही. आणि चाकांबद्दल कोणी काही बोललेलं नाही. मंदार झोपलाय. उद्या तो ऑफिसला गेला की दुकानात फोन करते.