जे निमूटपणे कंपाइल झाले: सॉकेट प्रोग्रॅम विंडोजवर नेताना

कारखान्यातील मोजमाप-यंत्रांकडून आकडे गोळा करणारा माझा सी भाषेतील प्रोग्रॅम लिनक्सवर कित्येक वर्षे विनातक्रार चालला होता. तोच विंडोजवर हवा, असे ठरले तेव्हा काम सोपे वाटले, कारण १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स-प्रकारातून आलेली सॉकेटची, म्हणजे नेटवर्कवर दोन प्रोग्रॅम जोडणाऱ्या टोकांची, पद्धत विनसॉक या विंडोजच्या नेटवर्क-लायब्ररीनेही बव्हंशी उचललेली आहे.

कंपायलरने दाखवलेल्या चुका दोन दिवसांत निस्तरल्या. आधी विनसॉक सुरू करणारे डब्ल्यूएसएस्टार्टअप बोलावणे, क्लोजऐवजी क्लोजसॉकेट वापरणे, असे सारे फरक मी एका वेगळ्या फाइलमध्ये बंदिस्त केले. खरा त्रास दिला तो निमूटपणे कंपाइल झालेल्या कोडने.

जोडणी नॉन-ब्लॉकिंग (काम पुरे होईपर्यंत प्रोग्रॅमला न अडवणारी) ठेवून मी सिलेक्टवर, म्हणजे दिलेल्या संचातले कोणते सॉकेट तयार आहे ते सांगणाऱ्या फंक्शनवर, थांबत असे. यंत्र चालू पण त्याचा पोर्ट बंद असेल, तर लिनक्सवर सॉकेट ‘लिहिण्यास तयार’ म्हणून परत येते आणि एसओ_एरर हा सॉकेटचा चूक सांगणारा पर्याय विचारला की नकाराचे कारण कळते. विंडोज मात्र तोच नकार सिलेक्टच्या अपवादांच्या संचात कळवते, आणि तिथे मी सवयीने नल (रिकामे) दिले होते. त्यामुळे नकार येऊन गेला तरी प्रोग्रॅम ३० सेकंदांची मुदत संपेपर्यंत ताटकळत राही. मी नेटवर्कलाच दोष देत होतो. शेवटी वायरशार्क या नेटवर्क न्याहाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाकिटे तपासली, त्यांत समोरून आलेले आरएसटी, म्हणजे जोडणी नाकारणारे पाकीट, स्पष्ट दिसले, आणि मग मी माझ्याच कोडकडे वळलो.

वाचनाच्या मुदतीचेही तसेच झाले. एसओ_आरसीव्हीटाइमओ या मुदतीच्या पर्यायाला लिनक्स सेकंद व मायक्रोसेकंदांचे स्ट्रक्चर मागते, तर विंडोज मिलिसेकंदांचा साधा आकडा. माझ्या ५ सेकंदांचा अर्थ तिथे ५ मिलिसेकंद असा लागला. असे पर्याय बसवणाऱ्या सेटसॉकऑप्टने चूक कळवली नाही, हे मला आजही खटकते.

एवढे झाल्यावरही काही यंत्रांचे आकडे येत नव्हते. विंडोजवर सिलेक्टच्या संचात मुळात ६४ सॉकेट मावतात आणि त्यापुढचे सॉकेट, संचात भर घालणारे एफडी_सेट हे मॅक्रो गुपचूप वगळते, हे हेडर फाइल उघडून ते मॅक्रो वाचल्यावर उमगले. विनसॉक२ चे हेडर घेण्याआधी संचाची मर्यादा ठरवणारे एफडी_सेटसाइज २५६ केले, पुन्हा बांधणी केली, आणि त्या दुपारी सगळ्या ७० यंत्रांच्या ओळी पडद्यावर आल्या.