दुसरं वाचन: तीन कथा झाल्या, चौथीवर अडलेय

शेवटाचा धक्का ओसरल्यावर कथेत काय उरतं, ते या फेरीत बघतेय. प्रत्येक कथा दोनदा वाचायची, मध्ये आठ दिवस जाऊ द्यायचे.

ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' (१९०५) लवकर उरकली. एकमेकांना भेटवस्तू घ्यायला डेलाने केस विकले, तिच्या नवऱ्याने, जिमने घड्याळ विकलं, हे ठाऊक असल्यावर दुसऱ्यांदा हाती फारसं लागत नाही. वाणी, भाजीवाला, खाटीक यांच्याशी घासाघीस करून जमवलेले १ डॉलर ८७ सेंट तेवढे मनात राहिले.

केट शोपॅनची 'द स्टोरी ऑफ ॲन अवर' (१८९४) जेमतेम दोन-तीन पानांची. नवरा मेल्याची बातमी, बंद खोलीत बाईला जाणवलेली मोकळीक, आणि मग नवराच दारात. आनंदाने हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणतात. पहिल्या वेळी हे निदान घाईत निसटलं होतं, आता अंगावर आलं.

सगळ्यात श्रीमंत निघाली अँब्रोज बिअर्सची 'ॲन अकरन्स ॲट आउल क्रीक ब्रिज' (१८९०). अलाबामातल्या रेल्वेपुलावर पेटन फार्करच्या गळ्यात फास. दोर तुटतो, तो नदीत पडतो, सुटतो, घरापर्यंत पोचतो. पहिल्यांदा मीही त्याच्यासोबत धावले. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. पहिल्याच भागात त्याला आपल्या घड्याळाची टिकटिक ऐरणीवरच्या घणासारखी ऐकू येते, आणि दोन ठोक्यांमधलं अंतर वाढत जातं. वेळ ताणला जातोय, हे तिथेच सांगून झालंय! पुढे नदीतूनच त्याला काठावरच्या पानांवरचे किडे दिसतात. मान दुखते, जीभ सुजते, पायाखालचा रस्ता जाणवेनासा होतो. घराच्या फाटकाशी भूतकाळ सुटून वर्तमानकाळ सुरू होतो, आणि शेवटच्या वाक्यात पुन्हा भूतकाळ: तो मेलेला होता, पुलाखालीच लटकत. क्रियापदांवर बोट ठेवत वाचून बघाच.

आता फॉकनरची 'अ रोज फॉर एमिली' (१९३०). ही गोष्ट अख्खं गाव सांगतं. पहिलं वाक्य वहीत मराठीत उतरवायला घेतलं आणि थांबले: एमिलीच्या अंत्ययात्रेला 'आमचं' गाव गेलं की 'आपलं'? इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. 'आमचं' म्हटलं की चौकशा करणारे, रात्री तिच्या अंगणात गुपचूप चुना टाकणारे लोक वेगळे, मी वेगळी. पण वरच्या मजल्यावरची ती बंद खोली कधी उघडतेय, याची घाई मलाही झालीच होती. सध्या 'आपलं' लिहिलंय, पेन्सिलने.