बऱ्हाणपूर ते अंकलेश्वर: अख्खा रस्ता, एका दमात

तापीच्या उत्तरेला राहणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी 'बऱ्हाणपूर-अंकलेश्वर' हे नाव असतं. प्लॉटची जाहिरात असो, अपघाताची बातमी असो की शेत कुठे आहे ते सांगायचं असो, मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरहून गुजरातेतल्या अंकलेश्वरला जाणारा हा रस्ता दोन्ही टोकांसकट येतो. पण ही दोन्ही टोकं एकाच प्रवासात जोडलेला माणूस मला आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूर-सावदा पट्ट्यात सापडला नाही. केळीच्या गाड्या चालवणाऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही फार तर चोपड्यापर्यंत जातो, नाहीतर भुसावळला उतरून मोठा हायवे धरतो.

याचं कारण नकाशात आहे. भुसावळ-खंडवा रेल्वे बऱ्हाणपूर, रावेर, सावदा धरून जाते. सुरत-भुसावळ लाईन तापीच्या दक्षिणेने जाते. म्हणजे सावद्याच्या पश्चिमेला आमच्या काठावर रूळच नाही. यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा ही सगळी तालुक्याची गावं, पण एकालाही स्टेशन नाही. मग प्रत्येक गाव आपापल्या फाट्यावरून दक्षिणेला वळतं. यावलचा माणूस भुसावळला जातो, चोपड्याचा जळगावला किंवा अमळनेरला, शिरपूरचा नरडाण्याला नाहीतर धुळ्याला, शहाद्याचा दोंडाईच्याला किंवा नंदुरबारला. रस्ता पूर्व-पश्चिम आहे आणि माणसं त्याच्यावरून उत्तर-दक्षिण करतात. शेजारच्या तालुक्यात सोयरीक असल्याशिवाय कोणी जात नाही. मला हे फार दिवस खटकत होतं. म्हणून हा रस्ता अख्खा कापायचा ठरवलं.

एखादा महामार्ग या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवण्याची हौस असणारे लोक देशभर आहेत. बहुतेकांच्या मनात 44 नंबर असतो, श्रीनगर ते कन्याकुमारी. आपल्या धुळ्यात तर असे दोन लांब महामार्ग एकमेकांना छेदतात. एक 53, म्हणजे आपला जुना 6 नंबर, गुजरातच्या हजिऱ्याहून ओडिशाच्या पारादीपपर्यंत जाणारा. दुसरा 52, पंजाबातल्या संगरूरहून कर्नाटकातल्या अंकोल्यापर्यंत जाणारा. 2010 साली नंबर बदलले तेव्हापासून पूर्व-पश्चिम मुख्य महामार्गांना विषम आणि उत्तर-दक्षिण महामार्गांना सम आकडे आहेत. ते मोठे रस्ते अख्खे चालवणाऱ्यांना मी मानतो. पण स्वतःच्या दारातला रस्ता आधी पुरता बघावा असं मला वाटतं.

असा प्रवास करणाऱ्यांचे काही नियम असतात, ते मी घेतले. सुरुवात पहिल्या टोकापासूनच करायची. मधला एकही तुकडा सोडायचा नाही. जेवायला किंवा पेट्रोलला बाजूला गेलं तर ज्या चौकातून बाहेर पडलो त्याच चौकात परत यायचं. गावाला वळसा घालणारा नवा रस्ता असला तरी आपण गावातून जायचं. हा शेवटचा नियम मामांचा. मामा एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर आहेत. त्यांचं म्हणणं, "गाव टाळलं तर रस्ता कशासाठी केला रे?" सोबतीला तेच आले. या रस्त्याचे बरेच तुकडे त्यांनी नोकरीत चालवले होते, पण एकमेकांना जोडून कधीच नाही. एक गाडी एका डेपोची, तिची हद्द ठरलेली.

तयारीत दोन गोष्टींना खरा वेळ लागला. पहिली म्हणजे मोबाईलचा नकाशा. दोन टोकं टाकली की तो लवकर पोहोचवायच्या नादात दुसरीकडे वळवायला बघतो. म्हणून मी गावोगावचे थांबे एकेक करून टाकले: रावेर, सावदा, फैजपूर, यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, नेत्रंग, वालिया. दुसरी म्हणजे दिशा. पूर्वेकडून निघालो तर सकाळचं ऊन पाठीवर मिळतं, पण दुपारनंतर सूर्य डोळ्यावर येतो. पश्चिमेकडून निघालो तर उलट, आणि संध्याकाळी केळीपट्ट्यात माल भरलेल्या गाड्या निघायच्या वेळी आपण तिथे पोहोचतो. आम्ही पूर्वेकडून निघालो. जानेवारी धरला, कारण पावसानंतर खड्डे बुजवलेले असतात आणि ऊन सोसवतं. मात्र उसाचा हंगाम चालू असतो, म्हणून शहादा उजेडात ओलांडायचं हे पक्कं केलं. तीन राज्यं लागतात, पण खाजगी गाडीला वेगळं परमिट लागत नाही. लायसन, आरसी, इन्शुरन्स आणि पीयूसी चालू असलं की झालं.

आदल्या रात्री बऱ्हाणपूरला मुक्काम केला आणि मावा जिलेबी खाल्ली. या गावाला आम्ही परकं मानतो, आता ते मध्य प्रदेशात आहे म्हणून. पण फारुकी सुलतानांच्या खान्देशाची ही राजधानी होती. 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा ते राज्य संपलं. मुमताज महल 1631 मध्ये याच गावात वारली. इतिहासाची आवड असणाऱ्याने इथे एक दिवस जास्त ठेवावा. रस्त्याचं टोक नेमकं कोणतं यावर मामांनी निकाल दिला: बसस्टँडपासून बसस्टँडपर्यंत. पहाटे अंधारातच निघालो.

चोरवडचा नाका ओलांडला की महाराष्ट्र. गाड्यांवरच्या एमपी-68 च्या नंबरपाट्या मागे पडून एमएच-19 सुरू होतात. दिवसभर मी पाट्यांवरूनच आपण कुठे आलो ते ताडत होतो. रावेर ते यावल हा माझा रोजचा भाग, तरीही त्या सकाळी तो वेगळा दिसला. दोन्ही बाजूंना केळी. मृगबागेचे, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावलेल्या केळीचे घड कुठे कापणीला आलेले, कुठे कांदेबागेची, म्हणजे पावसाळ्यानंतर लावलेली हिरवी कोवळी झाडं. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण चहाच्या टपरीवर विषय एकच, आज बऱ्हाणपूरला काय भाव निघाला. आमच्या शेतकऱ्याचा दिवस दुसऱ्या राज्यातल्या लिलावाच्या आकड्याने सुरू होतो.

फैजपुरात मी गाडी थांबवली नाही, घराकडे नजरही वळवली नाही. पण पाटी वाचली की 1936 आठवतं. काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. तेव्हा देशभरातून माणसं आली ती सावदा स्टेशनवर उतरून. रेल्वे होती म्हणून या गावात अधिवेशन शक्य झालं असणार, असं मला वाटतं.

यावल ते चोपडा हा माझ्या मते अख्ख्या रस्त्यातला सर्वांत सुंदर भाग. साकळी, किनगाव, अडावद अशी गावं येतात आणि सातपुडा उजव्या हाताला इतका जवळ येतो की डोंगरावरच्या वाटा दिसतात. मनुदेवीचा फाटा इथेच, उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्याकडे जाणारा रस्ताही इथेच. मामांनी मला एक काम दिलं होतं, पूल मोजू नकोस, नद्यांची नावं विचार. सुकी, मोर, पुढे अनेर, अरुणावती, गोमाई. सगळ्या उजवीकडून डोंगरातून येतात आणि डावीकडे तापीला मिळतात. एकेका तालुक्यात राहून आपण आपल्या नदीचं कौतुक करतो आणि आपल्याच पाण्यासाठी भांडतो. सलग गेल्यावर कळतं की हा एकच उतार आहे. वर जंगल तुटलं की खाली रावेरपासून शहाद्यापर्यंत सगळ्यांच्या विहिरी एकाच कारणाने खोल जातात.

अनेरच्या पुलावर जळगाव जिल्हा संपतो, धुळे सुरू होतो. पाट्या एमएच-18 च्या. बोलीही हळूहळू बदललेली असते. आमच्याकडची लेवा बोली मागे राहते आणि अहिराणी कानावर पडू लागते. रस्त्याकडेला एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं, "कथा जाई राहिनात, भाऊ?" अंकलेश्वर म्हटल्यावर ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, तिकडे कोण आहे तुमचं? त्यांना पूर्ण सांगायला मला आवडलं. त्यांनी थाळनेरला जाऊन या म्हणून सांगितलं. तापीकाठचं थाळनेर म्हणजे फारुकींचं पहिलं ठाणं, बऱ्हाणपूरच्या आधीचं. म्हणजे जुन्या खान्देशाच्या दोन्ही राजधान्या या एका पट्ट्यात आहेत. आमच्या नियमात बाजूला जाणं बसत नव्हतं, तरी फाट्यावर थांबून दोघांनीही त्या दिशेला पाहिलं.

शिरपूरला मुंबई-आग्रा रोड ओलांडावा लागतो. दिवसभरातला सर्वांत गर्दीचा चौक तोच. आंतरराज्य कंटेनर उत्तर-दक्षिण धावतात आणि त्यांच्यामधून आपल्याला पूर्वेकडून पश्चिमेला जायचं असतं. इथे घाई करू नये. शिरपूर मी ऐकून होतो ते पाण्याच्या कामामुळे. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल-रुंद करून बंधारे बांधले आणि पाणी जमिनीत मुरवलं, त्याला लोक शिरपूर पॅटर्न म्हणतात. जेवायला शेवभाजी आणि भाकरी घेतली. मामांना बट्टी हवी होती, ती मिळाली नाही.

शिरपूर ते शहादा या भागात आम्ही सर्वांत हळू गेलो. कापसाचे टेम्पो दोन्ही बाजूंनी फुगलेले, आणि शहादा जवळ आलं की उसाच्या ट्रॉल्या, एका ट्रॅक्टरला दोन जोडलेल्या. त्यांच्या मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. हात जोडून सांगतो, हंगामात अंधार पडल्यावर या तुकड्यात येऊ नका. साखर कारखान्यांनी ट्रॉल्यांना निदान लाल कापड आणि चमकणारी पट्टी लावायचा आग्रह धरला तर कितीतरी घरं वाचतील. दिवसा मात्र हा प्रदेश बघण्यासारखा आहे. केळी, पपई, ऊस, आणि मागे तोरणमाळची रांग. पाट्या आता एमएच-39, कारण 1 जुलै 1998 पासून नंदुरबार वेगळा जिल्हा आहे. गुजर वस्तीची गावं, त्यांची गुजरी बोली, बाजारात पावरी बोलणाऱ्या बाया. गोमाई ओलांडली तेव्हा सूर्य समोर उतरला होता. टोपी आणि काळा चष्मा सोबत ठेवाच.

तळोद्यानंतर मामांना काही सांगण्यासारखं उरलं नाही, त्यांची हद्द संपली होती. अस्तंब्याचा डोंगर त्यांनी मला दाखवला, दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला तिथे अश्वत्थाम्याची यात्रा भरते. मग अक्कलकुवा, वाण्याविहीर, खापर. इथपर्यंत डोंगर दिवसभर उजवीकडेच होता. खापरच्या पुढे तो दोन्ही बाजूंना आला. हे मला नकाशात कधीच लक्षात आलं नव्हतं. तापी कधीच डावीकडे लांब गेलेली असते आणि आपण सातपुड्याच्या शेवटच्या टेकड्यांमधून नर्मदेच्या बाजूला उतरत असतो. रस्ता तापीकाठच्या बऱ्हाणपूरला सुरू होतो आणि नर्मदेजवळच्या अंकलेश्वरला संपतो.

गुजरातच्या हद्दीवर गाडी थांबवून डिकी बघितली. तिकडे दारूबंदी आहे, त्यामुळे महाराष्ट्राच्या गाड्या बघतातच. पाण्याच्या बाटल्या, जळगावचे केळीचे वेफर्स, मामांची औषधं. दोन मिनिटांत सोडलं. पेट्रोल तिकडे स्वस्त पडतं, त्यामुळे टाकी अलीकडे भरू नये.

सागबारा, डेडियापाडा हा भाग सागाच्या जंगलाचा. हद्दीच्या दोन्ही बाजूंना वस्ती त्याच आदिवासी समाजाची. सागबाऱ्याजवळच्या देवमोगरा मातेच्या जत्रेला महाशिवरात्रीत अक्कलकुवा-धडगावकडून माणसं जातात. हद्दीची रेषा आपण आखली, देवी दोन्हीकडची आहे. पाट्या जीजे-22, मग नेत्रंगला जीजे-16. जंगल मागे सरलं, वालियाच्या पुढे सपाटी आली, आणि अंकलेश्वर जवळ आलं तसा हवेत कारखान्यांचा वास जाणवू लागला. 1960 साली इथे जमिनीत तेल सापडलं आणि गावाचं रूप बदललं.

48 नंबरच्या महामार्गाचा चौक आला तेव्हा मी म्हटलं, झालं. मामा म्हणाले, "बसस्टँड कुठंय?" मग गावात शिरलो, विचारत विचारत बसस्टँडला गेलो आणि गाडीच्या मीटरचा आकडा लिहून घेतला. साडेतीनशे किलोमीटरच्या वर भरलं. मामांनी घरी मामींना फोन लावला आणि पहिली गोष्ट सांगितली ती अशी की या रस्त्यावर एका डेपोतून सुटून शेवटपर्यंत जाणारी एक गाडी असायला हवी होती. मलाही तेच वाटतं. ज्या काठाला रेल्वे नाही, त्या काठाला निदान आपल्याच रस्त्यावरून सरळ जाता यावं.

परत येताना सुरतेवरून 53 धरला. नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल. चौपदरी रस्ता, गाडी पळते, कोणी कुठे चाललात विचारत नाही. वाटेत शेवाळीचा फाटा लागला. तिथून नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा करत नेत्रंगला जाणारा 753-ब सुटतो, तळोद्यापासून पुढे तो आमच्याच रस्त्याने जातो. मामांनी पाटी वाचली आणि विचारलं, याला किती वेळ लागेल. पुढच्या हिवाळ्यात कळवतो म्हटलं.